भेदभाव झाला, पुढे काय? जर्मनीतला समान वागणूक कायदा वापरायचा कसा

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘आगेगे’ हे नाव बहुधा तेव्हा कळतं, जेव्हा त्यातली मुदत उलटून गेलेली असते. हा जर्मनीचा सर्वसाधारण समान वागणूक कायदा, १८ ऑगस्ट २००६ पासून लागू असलेला. त्यात दावा सांगायला मिळतात फक्त दोन महिने. आपल्याकडे त्यातला पहिला महिना ‘जाऊ दे, नवीन आहोत, व्हिसाचा प्रश्न आहे’ यात जातो आणि दुसरा व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाला चांगला वकील माहीत आहे का’ विचारण्यात. म्हणून या लेखात कायद्याचं कौतुक कमी आणि कागद, तारखा, पत्ते जास्त आहेत. मी स्टुटगार्टच्या परिसरात नोकरी करतो, कामगारांच्या निवडून आलेल्या मंडळावर, म्हणजे बेट्रीब्सराटवर, बसतो आणि अशा तक्रारी टेबलाच्या त्या बाजूने पाहतो. मी वकील नाही. वकिलाकडे कधी आणि काय घेऊन जायचं, एवढं मात्र सांगू शकतो.

कायद्याचं मूळ, थोडक्यात

मूळ ब्रुसेल्समध्ये आहे. ॲमस्टरडॅम तहाने युरोपीय संघाला भेदभावाविरुद्ध कायदे करण्याचा अधिकार दिला आणि २००० मध्ये दोन निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापले कायदे त्यानुसार करावेत असे आदेश, आले. पहिला, २०००/४३, वंश आणि वांशिक मूळ यांविषयीचा. तो नोकरीबरोबरच घर, शिक्षण, आरोग्य, वस्तू-सेवा यांनाही लागू होतो. दुसरा, २०००/७८, धर्म, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल यांविषयीचा. तो फक्त नोकरीपुरता. स्त्री-पुरुष समानतेचे निर्देश वेगळे आहेत. दुसऱ्या निर्देशाची कक्षा नोकरीबाहेर वाढवण्याचा प्रस्ताव २००८ मध्ये आला आणि सदस्य देशांच्या सहमतीअभावी अडकून पडला. जर्मनीने आपला कायदा करायला इतका उशीर लावला की लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २००५ मध्ये तिला दोषी ठरवलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. आगेगेचा अर्थ लावताना जर्मन न्यायाधीशाला या निर्देशांशी आणि लक्झेंबर्गच्या निकालांशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे बल्गेरियात किंवा बेल्जियममध्ये कुणी जिंकलेला मुद्दा तुमच्याही कामाचा असतो.

पहिली पायरी: तुमची गोष्ट या कायद्यात बसते का?

अन्याय झाला म्हणजे भेदभाव झालाच असं नाही. बॉस सगळ्यांशीच उर्मट असेल तर तो प्रश्न वेगळा. आगेगेला सहा कारणं माहीत आहेत: वंश किंवा वांशिक मूळ, लिंग, धर्म किंवा विश्वदृष्टी, अपंगत्व, वय आणि लैंगिक ओळख. वाईट वागणूक यांपैकी एकाशी जोडता आली पाहिजे. अनेक कारणांपैकी ते एक असलं तरी पुरतं, एकमेव असण्याची गरज नाही.

या यादीत नागरिकत्व नाही, आणि इथेच आपले लोक गोंधळतात. ‘तुमच्याकडे जर्मन पासपोर्ट नाही’ हे कारण निर्देशातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. पण ‘परदेशी नकोत’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा पासपोर्टशी देणंघेणं नसतं, त्याला नाव आणि कातडीचा रंग दिसत असतो, आणि ते वांशिक मुळाखाली येतं. त्यामुळे तक्रारीत ‘मी भारतीय नागरिक आहे म्हणून’ असं लिहू नका. ‘माझ्या वांशिक मुळामुळे’ असं लिहा आणि त्याला नाव, वर्ण, उच्चार यांचा आधार द्या.

प्रदेशाचा अभिमान इथे कामाचा नाही. २०१० मध्ये स्टुटगार्टच्या श्रम न्यायालयासमोर एक बाई आल्या. नोकरीचा अर्ज परत आला तेव्हा त्यांच्या बायोडाटावर कुणीतरी वजाचं चिन्ह करून ‘ओसी’ लिहून ठेवलं होतं, म्हणजे पूर्व जर्मनीवाली. पूर्व जर्मन हा वांशिक गट नाही, असं म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. विदर्भ विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र हा वाद तिथे नेला असता तर तोही बहुधा असाच परत आला असता.

जातीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं, कारण भारतीय व्यवस्थापकांच्या हाताखाली काम करणाऱ्या टीम आता इथेही आहेत. आगेगेत ‘जात’ हा शब्द नाही, युरोपीय निर्देशांतही नाही. युरोपीय संसदेने २०१३ मध्ये जातीय भेदभावाविरुद्ध ठराव केला, पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ब्रिटनमध्ये एका अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटलं की जात काही प्रसंगी वांशिक मुळात मोडू शकते. जर्मनीत हाच युक्तिवाद करावा लागेल, आणि तो सोपा नाही. तरीही आडनाव विचारून कामं वाटली जात असतील तर तक्रार जरूर करा. कंपनीची स्वतःची आचारसंहिता अनेकदा कायद्यापेक्षा रुंद असते, आणि छळ झाला तर मालकावर इतर कायद्यांचीही जबाबदारी असते.

आता भेदभावाचा प्रकार. थेट भेदभाव कुणालाही ओळखता येतो. अप्रत्यक्ष भेदभाव म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, पण त्याचा फटका एका गटाला जास्त. नोकरीच्या जाहिरातीत ‘जर्मन मातृभाषा’ अशी अट असेल तर ती परक्या मुळाच्या लोकांना मागे टाकते, असं केंद्रीय श्रम न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. जर्मन उत्तम यायला हवं म्हणणं वेगळं आणि ती आईकडूनच शिकलेली असावी म्हणणं वेगळं. कामाला खरोखर भाषा लागत असेल तर अट चालते. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये एका उत्पादन कामगाराला कामावरून काढणं योग्य ठरवलं होतं, कारण त्याला कामाच्या लेखी सूचना वाचता येत नव्हत्या. ‘मला बी-२ पातळीचं जर्मन मागितलं’ एवढ्यावर केस उभी राहत नाही. नोकरी बॅकएंड कोडिंगची, टीमची भाषा इंग्रजी, आणि तरीही मागणी ‘मातृभाषेसारख्या’ जर्मनची, अशा ठिकाणी प्रश्न विचारण्यासारखा असतो.

तिसरा प्रकार छळाचा: टोमणे, टोपणनावं, ‘करीचा वास’ असले विनोद, यांतून माणसाची प्रतिष्ठा दुखावणारं वातावरण तयार होतं. त्रास देणारा बाहेरचा असला तरी मालकाची सुटका नाही. इस्पितळात एखादा पेशंट ‘ही काळी नर्स नको’ म्हणाला तर तुमचं रक्षण करणं हे इस्पितळाचं कायदेशीर काम आहे. कलम १२ मध्ये तसं लिहिलंय. केरळच्या आणि आता महाराष्ट्राच्याही मुली इथे नर्सिंगला येतात. त्यांना हे कलम कुणी सांगत नाही.

दुसरी पायरी: कॅलेंडर उघडा

पुरावा नंतर, वकील नंतर. आधी तारखा लिहून काढा.

नोकरीच्या बाबतीत नुकसानभरपाईची लेखी मागणी दोन महिन्यांत मालकाच्या हातात पडली पाहिजे. अर्ज नाकारला असेल तर नकार मिळाल्या दिवसापासून मोजायचं, इतर प्रसंगी भेदभाव तुम्हाला कळला त्या दिवसापासून. मागणी केल्यानंतर तीन महिन्यांच्या आत श्रम न्यायालयात, म्हणजे आर्बाइट्सगेरिश्टमध्ये, दावा दाखल व्हायला हवा. एक उदाहरण घ्या. नकाराचा मेल ३ मार्चला आला, तर पत्र ३ मेपर्यंत पोचलं पाहिजे. ते २० एप्रिलला पोचलं, तर दावा २० जुलैपर्यंत. मागणीचं पत्र लवकर पाठवलं की पुढची मुदतही लवकर सुरू होते, हे लक्षात ठेवा.

हॅम्बुर्गच्या एका प्रकरणात ४१ वर्षांच्या बाईंनी १८ ते ३५ वयोगट मागणाऱ्या जाहिरातीला अर्ज केला होता. नोव्हेंबर २००७ मध्ये फोनवर नकार आला, दावा गेला जानेवारीच्या अखेरीस. दोन महिने उलटले होते. प्रकरण लक्झेंबर्गला गेलं आणि २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने ही मुदत मुळातच फार छोटी आहे असं मानलं नाही; फक्त ती भेदभाव कळल्यापासून मोजली जावी आणि तशाच इतर दाव्यांच्या मुदतींपेक्षा जाचक नसावी, एवढंच म्हटलं. मुदत वाढवा ही मागणी जुनी आहे, संघराज्याच्या भेदभावविरोधी कार्यालयानेही ती केली आहे. ती मान्य होईपर्यंत दोन महिनेच धरून चाला.

कामावरून काढलं असेल तर घड्याळ आणखी जोरात पळतं. कुंडिगुंगचा, म्हणजे कामावरून काढल्याच्या नोटिशीचा, कागद मिळाल्यापासून तीन आठवड्यांत न्यायालयात जावं लागतं, नाहीतर ती वैध धरली जाते, मग कारण कितीही घाणेरडं असो. ही नोटीस कागदावर आणि खऱ्या सहीनेच द्यावी लागते, मेलवरची चालत नाही. आणि ‘आपण सामंजस्याने वेगळे होऊ’ म्हणत समोर ठेवलेल्या करारावर त्याच बैठकीत सही करू नका. असा करार केला किंवा स्वतःहून राजीनामा दिला तर बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. रेसिडेन्स परमिट त्या नोकरीशी बांधलेलं असेल तर परिणाम त्याहून मोठा. ‘घरी वाचून सांगतो’ हे वाक्य जर्मनमध्ये पाठ करून ठेवा.

तिसरी पायरी: पुरावा, त्याच संध्याकाळी

फोन काढून गुपचूप रेकॉर्डिंग करू नका. हे मी ठळकपणे सांगतो, कारण आपल्याकडे पहिला हात तिकडेच जातो. खासगी संभाषण परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, दंड संहितेचं कलम २०१. फिर्यादी म्हणून गेलेला माणूस आरोपी होऊन बाहेर येऊ शकतो.

त्याऐवजी इथे ‘गेडेख्टनिसप्रोटोकोल’ लिहितात, म्हणजे आठवणीतून केलेली नोंद. ती त्याच दिवशी लिहायची. तारीख, वेळ, कोणती खोली, कोण कोण हजर होतं. समोरचा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, जर्मन तर जर्मन. ‘त्याने माझा अपमान केला’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘मंगळवारी दुपारी सव्वादोनला, दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये, टीमलीड म्हणाला की ग्राहकासमोर खरा जर्मन माणूस पाठवू, तेव्हा अमुक आणि तमुक बसले होते’ याचा उपयोग आहे. शेवटी तारीख आणि सही. नंतर काही आठवलं तर जुन्या मजकुरात घुसवू नका. नव्या तारखेने खाली जोडा.

नोकरीचा अर्ज असेल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट पत्त्यासह, तारखेसह घ्या, कारण जाहिरात दोन आठवड्यांत गायब होते. अर्ज, पोच, नकार हे सगळं कंपनीच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतःच्या मेलवर ठेवा. पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःकडे पाठवू नका. तेच निमित्त करून काढून टाकतात.

एक साधन लोक फार कमी वापरतात: युरोपीय डेटा संरक्षण नियमाचं कलम १५. त्याखाली कंपनीकडे असलेली तुमची वैयक्तिक माहिती तुम्ही मागू शकता, आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मुलाखतीनंतर तुमच्याबद्दल लिहिलेले शेरे कधीकधी त्यात निघतात. दोन महिन्यांची मुदत लक्षात घेता ही मागणी नकाराच्या पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजे.

पुराव्याचं ओझं कुणावर

या कायद्याचं खरं बळ कलम २२ मध्ये आहे. भेदभाव झाला हे तुम्हाला शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही. तो झाला असावा असं वाटायला लावणाऱ्या खुणा तुम्ही सिद्ध करायच्या. मग ओझं समोरच्यावर जातं आणि भेदभाव झाला नाही हे त्याला दाखवावं लागतं. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे कुणी कसं सिद्ध करणार, म्हणून निर्देशांनीच ही सोय केली आहे.

खूण म्हणजे काय? जाहिरातीतले शब्द. मुलाखतीतले प्रश्न: मुलं कधी होणार, सणाला सुट्टी लागते का. बोलून गेलेलं वाक्य. नकाराची बदलत जाणारी कारणं. बेल्जियममध्ये गॅरेजचे दरवाजे बसवणाऱ्या एका कंपनीचा संचालक जाहीरपणे म्हणाला की मोरोक्कन लोक घेणार नाही, गिऱ्हाइकांना ते घरात नको असतात. नकार मिळालेला एकही उमेदवार समोर आलेला नव्हता. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं, असं जाहीर बोलणं हाच थेट भेदभाव. ‘गिऱ्हाइकांना आवडत नाही’ ही सबब तिथेच निकालात निघाली. तुमचा व्यवस्थापक ती देईल तेव्हा हे आठवा.

‘माझ्याजागी कुणाला घेतलं ते सांगा’ असा हक्क मात्र तुम्हाला नाही. जर्मनीत राहणाऱ्या रशियन मुळाच्या एका अभियंता बाईंच्या प्रकरणात २०१२ मध्ये ते ठरलं. पण त्याच निकालात पुढे आहे की कंपनीने माहिती द्यायला साफ नकार देणं हीसुद्धा इतर गोष्टींबरोबर एक खूण ठरू शकते. तेव्हा विचारा, लेखी विचारा, आणि आलेलं मौनसुद्धा फाइलला लावा.

फक्त भरपाईसाठी अर्ज करत सुटणाऱ्यांना हा कायदा मदत करत नाही. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने तेही स्पष्ट केलं. नोकरी तुम्हाला खरंच हवी होती हे तुमच्या अर्जातून दिसलं पाहिजे.

चौथी पायरी: कुणाकडे जायचं

कंपनीत बेट्रीब्सराट असेल तर तिथे आधी या. येताना नोंदीची प्रत आणा, भावनांचा निचरा नंतर करू. आम्ही तुमच्या वतीने दावा लावू शकत नाही, पण व्यवस्थापनाला टेबलावर बसवू शकतो. प्रत्येक कंपनीत कलम १३ प्रमाणे तक्रार घेणारी जागा ठरवलेली असलीच पाहिजे. बहुतेकांना ती माहीत नसते, कारण ती कुठल्यातरी इंट्रानेट पानाच्या तळाशी असते. तक्रार केली म्हणून त्रास देणं कलम १६ ने बंद केलंय, साक्षीदारांनाही तेच संरक्षण आहे. प्रत्यक्षात त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तक्रार लेखी असली की त्यानंतरचा प्रत्येक त्रास हा नवा पुरावा होतो.

एक इशारा: आतली तक्रार केल्याने दोन महिन्यांची मुदत थांबत नाही. एचआर ‘आम्ही चौकशी करतोय, थोडा वेळ द्या’ म्हणतं, ते मनापासूनही म्हणत असेल, आणि तारीख निघून जाते. चौकशी चालू द्या, पत्र पाठवा.

बाहेर, बर्लिनमध्ये संघराज्याचं भेदभावविरोधी कार्यालय आहे. सल्ला मोफत, फोनवर किंवा ऑनलाइन अर्जाने. ते तुमच्या संमतीने समोरच्याकडून खुलासा मागवू शकतं, समेट घडवायचा प्रयत्न करू शकतं. न्यायालयात तुमची बाजू मांडत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये राज्याचं असंच कार्यालय आहे, म्युनिक शहराची ‘आमिग्रा’ आहे. परदेशी कामगारांना नोकरीच्या कायद्यावर मोफत सल्ला देणारं ‘फेअर इंटिग्रेशन’ हे जाळं देशभर आहे, आणि मला विचाराल तर नव्याने आलेल्यांनी पहिला फोन तिथे करावा. स्थानिक सल्ला केंद्रं सरकारी कार्यालयापेक्षा जास्त वेळ देतात, असा माझा अनुभव.

युनियनचं सदस्यत्व आयटीवाल्यांना कमीपणाचं वाटतं. का, ते मला कळलेलं नाही. ‘आयगे मेटाल’ किंवा ‘वेर्डी’च्या सदस्याला नोकरीच्या वादात वकिलाची सोय मिळते, पण साधारणपणे सदस्य होऊन काही महिने झालेले असावे लागतात. कायदेशीर विम्याचंही तसंच, घटनेनंतर काढलेला विमा त्या घटनेला चालत नाही. उत्पन्न कमी असेल तर स्थानिक न्यायालयातून सल्ल्याचं प्रमाणपत्र घ्या, मग वकील पहिल्या सल्ल्यासाठी पंधरा युरोंपेक्षा जास्त मागत नाही.

पाचवी पायरी: मागणीचं पत्र

पत्र एक पानाचं पुरतं. भाषा जर्मन. त्यात एवढं हवं:

‘आपण अमुक तारखेला प्रसिद्ध केलेल्या अमुक पदासाठी मी अमुक तारखेला अर्ज केला. अमुक तारखेच्या मेलने तो नाकारण्यात आला. जाहिरातीत अमुक अट होती, तसेच मुलाखतीत श्री. अमुक यांनी अमुक शब्द वापरले. यावरून माझ्या वांशिक मुळामुळे मला डावलल्याचे दिसते. म्हणून समान वागणूक कायद्याच्या कलम १५, उपकलम १ आणि २ प्रमाणे मी नुकसानभरपाई आणि योग्य मोबदला मागत आहे, किमान अमुक युरो. रक्कम अमुक तारखेपर्यंत द्यावी.’

खाली हाताने सही. पाकीट नोंदणीकृत टपालाने पाठवा, किंवा एखाद्या मित्राला पत्र वाचायला द्या, त्याच्यासमोर पाकिटात घाला आणि त्यालाच कंपनीच्या पेटीत टाकायला सांगा. तो साक्षीदार झाला. नोंदणीकृत पाकिटात कोरा कागद होता, असं म्हणणारे महाभाग इथेही असतात.

रक्कम किती लिहायची? भेदभाव न करता निवड झाली असती तरीही नोकरी तुम्हाला मिळाली नसती, अशा वेळी मोबदल्याची कमाल मर्यादा तीन महिन्यांचा पगार आहे. केंद्रीय श्रम न्यायालयाने अनेक प्रकरणांत दीड महिन्याच्या आसपासचा पगार योग्य मानला आहे. छळाच्या प्रकरणात अशी ठरलेली मर्यादा नाही, पण अमेरिकन बातम्यांतले आकडे डोक्यातून काढून टाका.

स्त्रियांच्या पगाराचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण एक निकाल सांगतोच. ड्रेस्डेनजवळच्या एका कंपनीत विक्री विभागातल्या बाईंना सहकारी पुरुषापेक्षा कमी पगार होता. कंपनी म्हणाली, त्याने घासाघीस चांगली केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय श्रम न्यायालयाने ही सबब मोडीत काढली. पहिल्या ऑफरला भिडेखातर ‘हो’ म्हणणाऱ्या आपल्या मुलींसाठी हे महत्त्वाचं आहे.

घर शोधताना

नोकरीपेक्षा वोनुंग शोधताना आलेला अनुभव जास्त लोकांच्या गाठीशी असतो. ‘कुलकर्णी’ नावाने अर्ज केला की घर गेलेलं असतं आणि तासाभराने ‘श्मिट’साठी ते परत रिकामं होतं. हे सिद्ध करायची पद्धत न्यायालयांनी मानलेली आहे, तिला टेस्टिंग म्हणतात. आपल्या नावाने नकार आला की थोड्याच वेळात जर्मन नावाने दुसरी विचारणा पाठवायची. पगार, नोकरीचा प्रकार, घरातली माणसं, पाळीव प्राणी नसणं, सगळं तंतोतंत सारखं. फक्त नाव वेगळं. श्मिटला घर बघायला बोलावलं की पुन्हा आपल्या नावाने विचारायचं. प्रत्येक मेलची वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. श्मिटसाहेबांना जास्त पगार दिलात तर सगळी मेहनत वाया. बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग न्यायालयाने २०२० मध्ये तुर्की नावाच्या एका अर्जदाराला अशाच पुराव्यावर ३,००० युरो मिळवून दिले.

इथेही मुदत दोन महिन्यांचीच. सूट कुणाला? मालक किंवा त्याचे जवळचे नातेवाईक त्याच आवारात राहत असतील तर त्यांना बरीच मोकळीक आहे. म्हणजे वर आजीबाई राहतात आणि तळमजला भाड्याने द्यायचा आहे, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्या गृहकंपन्यांशी जरूर घाला. फक्त हे दिवाणी न्यायालय आहे, हरणाऱ्याला दोन्हीकडचा खर्च भरावा लागतो, आणि काही राज्यांत आधी समेट मंडळाकडे जावं लागतं. म्हणून आधी भाडेकरू संघ, मग वकील.

बँक खातं नाकारलं तर भेदभाव सिद्ध करत बसू नका. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क आहे, त्याचा छापील अर्ज मागा.

सरकारी कचेरीत

परदेशी नागरिक कार्यालयातल्या खिडकीवरच्या वागणुकीला आगेगे लागू होत नाही. तिथे राज्यघटनेचं कलम ३ आणि वरिष्ठांकडे करायची लेखी तक्रार हाच मार्ग. अपवाद बर्लिनचा: २०२० पासून तिथे राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी लोकपाल कार्यालयही आहे.

सीमेपलीकडे नियम बदलतात. आयर्लंडमध्ये नोकरीच्या तक्रारीला सहा महिने मिळतात, सबळ कारण असेल तर बारापर्यंत, आणि तिथल्या कायद्यात नागरिकत्वही स्पष्ट लिहिलेलं आहे. नेदरलँड्समध्ये मानवाधिकार मंडळ मोफत सुनावणी घेऊन मत देतं; ते बंधनकारक नसतं, पण कंपन्या त्याला बिचकतात. निर्देश तेच, दरवाजे वेगळे.

सहावी पायरी: न्यायालय आणि तडजोड

श्रम न्यायालयात पहिल्या पातळीवर वकील सक्तीचा नाही. न्यायालयातच एक खिडकी असते, रेश्टसआन्ट्रागश्टेले, तिथला कर्मचारी तुमचं म्हणणं ऐकून दावा लिहून घेतो, फी न घेता. हे ऐकून बरं वाटतं, पण भेदभावाच्या प्रकरणात वकील असलेला चांगला. तोटा असा की या पातळीवर जिंकलात तरी आपल्या वकिलाचे पैसे आपणच द्यायचे. दीड महिन्याच्या पगारासाठी एक महिन्याचा वकील, हा हिशेब आधी करा.

पहिली तारीख समेटाची असते. एकच न्यायाधीश, पंधरा-वीस मिनिटं, थेट प्रश्न: किती मिळालं तर मिटेल? बहुतेक प्रकरणं इथेच किंवा थोडं पुढे मिटतात. तेव्हा आकडा आणि त्याखालची तळरेषा ठरवूनच आत जा. पैशांइतकंच महत्त्वाचं कामाचं प्रमाणपत्र, कारण जर्मनीत पुढची नोकरी त्याच्या एकेका विशेषणावर ठरते. ‘चांगला’ या श्रेणीचं प्रमाणपत्र, आपण सुचवलेल्या मजकुरासह, हे तडजोडीत लिहून घ्या.

पैसे देऊन भेदभाव मात्र कबूल न करणं ही कंपन्यांची आवडती वाट. स्वीडनमध्ये चिली वंशाच्या एका विमान प्रवाशाची जादा सुरक्षा तपासणी झाली. कंपनीने रक्कम दिली, दोष नाकारला. युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की भेदभाव झाला की नाही हे न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा हक्क अशा माणसाला असलाच पाहिजे. तुम्हाला तो निवाडा हवा असेल तर समेट नाकारता येतो. नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा हे बघून बहुतेकांनी समेट घ्यावा असंच मी सुचवतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सही करण्याआधी रकमेचं वर्णन तपासा. ती ‘कलम १५, उपकलम २ प्रमाणे मोबदला’ अशी लिहिलेली असेल तर तो मानहानीचा मोबदला ठरतो, पगार ठरत नाही, आणि त्यावर आयकर लागू नये असा निर्णय एका जर्मन कर न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. ‘नोकरी गेल्याची भरपाई’ असं लिहिलं तर त्याच रकमेतून कर कापला जातो. हा एक शब्दप्रयोग वकिलाला आणि कर सल्लागाराला, दोघांनाही दाखवून मगच मसुदा मंजूर करा.